अकरा मिनिटं

"मग चूक माझी कशी, बाई?"

शार्दूलनं लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला.

बाई घेवडा निवडत होत्या. शेंगेची शीर ओढायची, शेंग मोडायची, ताटात टाकायची. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझी चूक आहे, असं मी कधी म्हटलं?"

"काहीच म्हटलं नाहीत. तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे तू आला नाहीस."

शार्दूलनं लॅपटॉपचं झाकण उघडलं.

मी तिथंच होते. माझं नाव सुवार्ता कांबळे. बाईंच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी एकवीस वर्षं सिस्टर होते. आता आम्ही दोघी घरी बसलो, तरी दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जाते. त्या गुरुवारी जे झालं ते लिहिते आहे. माझ्या पदरचं फारसं घालणार नाही. घातलंच तर ते माझं आहे हे कळेल.

बाई म्हणजे डॉ. कुमुदिनी शिरगुप्पे. पोट न फाडता, चार भोकांतून दुर्बीण घालून पित्ताची पिशवी काढायचं काम आमच्या हॉस्पिटलात त्यांनी सुरू केलं. शार्दूल मगदूम त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हात सोन्याचा, आणि ही गोष्ट त्याला कुणी मुद्दाम सांगावी लागत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानं मालन आवटी नावाच्या बाईचं ऑपरेशन केलं. चौतीस वर्षांची, शाळेत खिचडी शिजवणारी. पिशवीची बारीक नळी क्लिप लावून बंद करायची आणि मग कापायची असते. ती सोडून त्याच्या हातून पित्ताची मोठी नळी कापली गेली.

घरी गेल्यावर तिचे डोळे पिवळे झाले. आता ती वॉर्डात पडून होती. कुशीतून एक नळी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला पिशवी, पिशवीत हिरवं पित्त. महिन्याभरानं पुण्याला मोठं ऑपरेशन. ते कसं होईल, कुणी सांगावं...

आणि तिला वाटत होतं, हे सगळं तिच्यामुळं झालं. घरी गेली त्या दिवशी भाच्याचं बारसं होतं. तिथं तिनं दोन भजी खाल्ली होती. सासूनं ते गल्लीभर सांगितलं. लेकरांना सोडून जिभेचे चोचले पुरवले, म्हणे.

तिला खरं कुणी सांगितलं नव्हतं.

"बघा तरी, बाई," शार्दूल म्हणाला.

"यात काय आहे?"

"तुम्हीच आहात यात. तुमची एक हजार एकशे चाळीस ऑपरेशनं."

हे खरं होतं. बाई पहिल्या दिवसापासून प्रत्येक ऑपरेशनचं चित्रण ठेवत. आधी कॅसेटी, मग सीडी, मग आणखी काय काय. चार कपाटं भरली होती. शार्दूलनं दोन वर्षं खपून ते सगळं संगणकात घातलं आणि त्यावर एक यंत्र शिकवून तयार केलं. त्याला शब्दांत विचारा, नाहीतर नुसतं एक चित्र दाखवा. सगळ्या ऑपरेशनांतून तसा क्षण ते चुटकीसरशी हुडकून काढतं. रक्त आलं तेव्हा बाईंनी काय केलं, पिशवी आतड्याला चिकटली होती तेव्हा काय केलं... आमच्या वेळी डॉक्टर असा एक प्रसंग बघायला वर्षवर्ष वाट बघायचे. आता पोरं दुपारी जेवता जेवता दहा बघतात. काम चांगलंच होतं. मला त्याचं कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

"मालनचं ऑपरेशन मी याला दाखवलं," तो म्हणाला. "क्लिप लावायच्या आधीचं चित्र. म्हटलं, असंच दुसरं शोध."

"सापडलं?"

"एक्केचाळीस. तंतोतंत तसंच."

"त्या पेशंटचं काय झालं?"

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरे होऊन घरी गेले." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला दिसत होतं तेच मला दिसत होतं. तुमचा हात जिथं होता तिथंच माझा होता. तुम्हाला यश आलं, मला आलं नाही. हा नशिबाचा भाग झाला, बाई. चूक कशी?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. माणूस यंत्र दाखवायला आला होता, पण हवी होती माफी. तीही मालनकडून नाही, बाईंकडून.

"दाखव," बाई म्हणाल्या.

पडद्यावर दोन चित्रं आली. डावीकडं त्याचं, उजवीकडं बाईंचं. तीच पिवळट चरबी, तीच सुजलेली पिशवी, मधून जाणारी ती पांढरी नळी. चिमटा त्याच कोनात. मी आयुष्य घालवलंय हे बघण्यात. मलाही फरक सांगता आला नाही.

खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, पोरगं सुटलं.

बाईंनी दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली.

"आता याला विचार, मी कुठं थांबले."

"थांबलात म्हणजे?"

"म्हणजे थांबले."

त्यानं टाइप केलं. यंत्रानं एक क्षण घेतला. असा प्रसंग सापडला नाही, असं उत्तर आलं.

शार्दूल हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला असेल.

"तुम्ही थांबतच नाही, बाई! अकराशे चाळीस ऑपरेशनं, आणि हात एकदाही थांबलेला नाही."

मला राहवलं नाही. "मग एकवीस वर्षं मी पाणी गरम करत होते, ते काय अंघोळीला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

हे सांगायला हवं. जुन्या दुर्बिणीच्या काचेवर पोटातल्या उबेनं वाफ धरायची. मग ती बाहेर काढून गरम पाण्याच्या फ्लास्कात बुडवावी लागे. फ्लास्क माझ्याकडं असे. पण बाई वाफ धरली नसली तरी दुर्बीण बाहेर काढत. क्लिप लावायच्या आधी, दर वेळी. दुर्बीण फ्लास्कात, पडद्यावर नुसतं पांढरं. दोन्ही हत्यारं ट्रेमध्ये ठेवायच्या, हात छातीशी धरायच्या आणि विचारायच्या,

"समजा, मी चुकलेय. कुठं ते सांगा."

हे सगळ्यांना विचारत. शिकाऊ डॉक्टरला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना, मला, लादी पुसायला आलेल्या हौसाबाईलासुद्धा. 'बरोबर आहे, बाई' हे उत्तर चालत नसे. काहीतरी सांगावंच लागे. एकदा हौसाबाई म्हणाली, "बाई, तुमी दमलाय." बाई स्टुलावर पाच मिनिटं बसल्या, आणि मग पुढं गेल्या.

शार्दूल त्या खोलीत तीन वर्षं उभा होता. त्याला हे सगळं ठाऊक होतं.

"ते काच पुसणं होतं, सिस्टर," तो म्हणाला.

"बरं."

"आणि ते मी यंत्राला घालायच्या आधीच काढून टाकलंय. तसा नियमच आहे. दुर्बीण पोटाबाहेर आली की माणसांचे चेहरे दिसतात, कधी पेशंटचाही. बाहेरचं चित्रण ठेवायचं नसतं."

"नियम बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"शिवाय शिकण्यासारखं त्यात काही नसतं. नुसतं पांढरं दिसतं. आतबाहेर करतानाची मधली चाचपडही मी गाळली."

बाईंनी एक शेंग उचलली, शीर ओढली.

"माझा तो तुकडा पुन्हा लाव. हत्याराकडं बघू नकोस. कोपऱ्यातले आकडे बघ."

जुन्या कॅसेटींत खाली उजव्या कोपऱ्यात वेळ उमटलेली असे. बारीक, पिवळे आकडे. इतकी वर्षं त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

शार्दूलनं तुकडा लावला. चिमटा नळीपाशी आला. दहा बेचाळीस. चिमटा जरासा वर सरकला. दहा त्रेपन्न. क्लिप बसली.

त्यानं पुन्हा लावला.

दहा बेचाळीस. दहा त्रेपन्न.

"अकरा मिनिटं..." तो म्हणाला.

त्यानं पुढचा तुकडा लावला. तिथं सहा मिनिटं गेलेली. त्याच्या पुढच्यात चार. त्याच्या पुढच्यात नऊ. तो एकामागून एक तुकडे लावत सुटला. प्रत्येक ठिकाणी सांधा इतका बेमालूम होता, की हात सलग चालल्यासारखा वाटावा. सांधे त्यानंच बसवले होते.

"या अकरा मिनिटांत काय झालं होतं, बाई?"

"सुवार्ताला विचार."

मला तो दिवस विसरता येणार नाही. कारण त्या दिवशी चूक दाखवणारी मी होते. नोकरीला लागून दुसरं वर्ष. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. भुलेचे डॉक्टर काहीतरी म्हणाले, शिकाऊ डॉक्टर काहीतरी म्हणाला. माझी पाळी आली. मला बोलायची भीती वाटत होती. तरी म्हटलं, "बाई, ती नळी जरा जाड वाटतीय."

शिकाऊ डॉक्टर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण पुन्हा आत घातली, मागची चरबी आणखी सोडवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा विचारलं, पुन्हा आत घातली. ती मोठी नळी होती. बारीक नळी तिच्या वर, अर्धा सेंटीमीटर, मागं लपलेली होती.

हे मी सांगितलं. शार्दूल ऐकत होता.

"मी कापणार होते," बाई म्हणाल्या.

...

"तुझं यंत्र खोटं सांगत नाही," त्या पुढं म्हणाल्या. "चित्र तेच आहे. हातही तोच."

मी एकवीस वर्षं बाईंबरोबर काम केलं. 'मी कापणार होते' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आता तुझं लाव," त्या म्हणाल्या. "सगळं."

त्यानं मालनचं ऑपरेशन लावलं. दुर्बीण आत गेली ती आतच राहिली. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं.

"नव्या कॅमेऱ्याला वाफ धरत नाही, बाई. बाहेर काढायची वेळच येत नाही."

"चांगला कॅमेरा आहे."

आम्ही तिघं बघत राहिलो. त्याचा हात खरोखर सुंदर चालतो. एक हालचाल वाया जात नाही. बघता बघता मला वाईट वाटायला लागलं. पुढं काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि पडद्यावरच्या त्या हाताला ठाऊक नव्हतं.

क्लिप नळीजवळ आली.

"थांबव."

चित्र थांबलं. बाईंनी घेवड्याचं ताट बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला आणि पंजा पडद्यावर ठेवला. नळी आणि तिच्या भोवतीचं सगळं झाकलं गेलं.

"बाई... काही दिसत नाही."

"हं."

तो थांबला. बाईंनी हात काढला नाही.

"समजा, तू चुकलायस," त्या म्हणाल्या. "कुठं?"

शार्दूलनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"पिशवी फार सुजली होती."

हात तसाच.

"आत सगळं चिकटलेलं होतं. आधी दोनदा दुखून गेलं होतं तिचं. अशा पेशंटमध्ये..."

हात तसाच.

"तिची नळ्यांची ठेवणच वेगळी होती, बाई. कुणाचाही..."

हात तसाच.

किती वेळ गेला, मी मोजला नाही. चहा निवला. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. असा हात उचलून धरणं त्यांना सोपं नव्हतं. मी मध्ये बोलायला गेले, तर त्यांनी नुसती मान हलवली.

"जाड होती," शार्दूल म्हणाला.

"काय?"

"नळी. जाड होती, बाई. मला दिसली होती."

...

"मग?"

"शिकणारी पोरं मागं उभी होती. हात चांगला चालला होता. थांबलो असतो तर..."

"तर?"

"तर त्यांना कळलं असतं, की मला कळत नाहीये."

बाईंनी हात काढला.

पडद्यावर ती नळी होती. पांढरी आणि जाड. आता मलाही दिसली. मघाशी दोन चित्रं शेजारी होती तेव्हा कशी दिसली नाही, देव जाणे. त्या वेळी मला ती दिसायला नको होती, एवढं खरं.

शार्दूल रडला. चाळिशीतला पुरुष, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी पाणी आणून दिलं. ते त्यानं प्यायलं नाही.

"ही सगळी मिनिटं मी परत घालीन यंत्रात," तो जरा वेळानं म्हणाला. "चेहरे झाकीन. पण मिनिटं ठेवीन."

"घाल. ते नंतर."

'नंतर' म्हणजे कशानंतर, हे त्याला कळलं होतं.

"काल राउंडला तिनं मला विचारलं."

"काय?"

"म्हणाली, डाक्टर, मी ती भजी खाल्ली म्हणूनच झालं न्हवं?"

बाईंनी विचारलं,

"तू काय म्हणालास?"

शार्दूलनं ग्लास उचलला, पुन्हा ठेवला.

"म्हणालो... आता इथून पुढं जपून खा."

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. नळी कापली त्याचं मला इतकं काही वाटलं नव्हतं. हात चुकतो, बाईंचा चुकता चुकता राहिला. पण मालननं आपण होऊन ओझं उचललं, आणि यानं ते तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. मी हे बोलून दाखवणार होते. बाईंनी डोळे मिटले होते, म्हणून मी गप्प राहिले.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या.

"तिची सासू कधी येते?"

"चारला. डबा घेऊन."

शार्दूल उठला. लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"जातो, बाई. दोघींना सांगतो. सगळं."

"हं."

"ती तक्रार करील."

"करील."

"हॉस्पिटल मला काही दिवस थिएटरमध्ये पाऊल ठेवू देणार नाही. कदाचित कायमचंच."

"होईल तसंही."

"तुम्ही याल बरोबर?"

"नाही."

तो दारापर्यंत गेला. चपला घातल्या. मला वाटलं, गेला. पण तो उंबऱ्यावरच घुटमळला. आत आला तेव्हा तो सर्जन होता. आता परीक्षेला निघालेल्या मुलासारखा दिसत होता.

"बाई..."

"काय?"

"सांगून झाल्यावर ती काहीच बोलली नाही, तर? नुसती बघत राहिली तर? किती वेळ थांबायचं मी तिथं?"

बाईंनी त्याच्यापुढं हात पसरला.

"तुझं घड्याळ इथं ठेवून जा."